ऊर्वस्थीतील दांडा : कृत्रिम खुबा हाडात पक्का बसविण्याच्या तंत्राचा इतिहास (१८९०–२०२२)

प्रस्तावना

खुब्याचा सांधा हा उखळी सांधा आहे. कटीच्या हाडातील खोलगट उखळीत मांडीच्या हाडाचे, म्हणजे ऊर्वस्थीचे, गोल डोके फिरते. संधिवाताने, क्षयाने किंवा रक्तपुरवठा खंडित झाल्याने हे डोके झिजले म्हणजे चालणे, उठणे, बसणे या साध्या क्रियाही यातनामय होतात. कृत्रिम खुब्याच्या शस्त्रक्रियेत हे झिजलेले डोके कापून काढतात, उखळीत नवी वाटी बसवितात आणि ऊर्वस्थीच्या पोकळीत धातूचा दांडा घालून त्याच्या वरच्या टोकास नवे डोके देतात. हालचाल डोके आणि वाटी यांच्यात होत असल्याने या शस्त्रक्रियेच्या बहुतेक इतिहासांत त्या दोहोंनाच मोठे स्थान मिळाले आहे. दांड्याची दखल त्या मानाने कमी घेतली जाते.

वस्तुतः शस्त्रक्रियेच्या यशापयशाचा फार मोठा भाग दांड्यावर अवलंबून राहिलेला आहे. चालताना माणूस एका पायावर येतो तेव्हा खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार पडतो. खुर्चीवरून उठताना किंवा जिना चढताना दांडा नुसता दाबला जात नाही, तो पिळलाही जातो. प्रत्येक पायाची वर्षाकाठी सुमारे दहा लाख पावले धरली, तर हाडात बसविलेल्या धातूच्या तुकड्याला काय सोसावे लागते याची कल्पना येते. शिवाय हाड जिवंत आहे, धातू निर्जीव आहे. हाड भार पाहून वाढते किंवा विरते. धातूला ती मुभा नाही. या दोन विजातीय वस्तूंची गाठ पक्की कशी बांधावी, हा प्रश्न सव्वाशे वर्षे शल्यचिकित्सकांपुढे उभा आहे. त्याची उत्तरे पुष्कळदा प्रयोगशाळेच्या आधी रुग्णाच्या शरीरात तपासली गेली, आणि त्यामुळे हा इतिहास केवळ यंत्रशास्त्राचा राहत नाही.

हस्तिदंत, काच आणि करकर

बर्लिनचे शल्यचिकित्सक थेमिस्टोक्लेस ग्लूक यांनी १८९० च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे बनवून रुग्णांच्या शरीरात बसविले. ते पक्के बसावेत म्हणून त्यांनी निकेलचा मुलामा दिलेले स्क्रू वापरले, तसेच राळ, प्यूमिस दगडाची पूड आणि प्लास्टर यांचे मिश्रणही करून पाहिले. हाडाच्या पोकळीत काही भरून कृत्रिम सांधा स्थिर करावा ही कल्पना येथे प्रथम दिसते. परंतु ग्लूक यांचे बरेच रुग्ण सांध्याच्या क्षयाचे होते. जंतुसंसर्गाने ते प्रयोग बुडाले आणि कल्पनाही त्यांच्याबरोबर अर्धशतक मागे पडली.

बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ पासून काचेची आणि १९३८ पासून व्हायटॅलियम या मिश्रधातूची टोपी हाडाच्या डोक्यावर बसविली. तेथे दांड्याचा प्रश्नच नव्हता. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात फिलिप वाइल्स यांनी १९३८ मध्ये पोलादी डोके आणि पोलादी वाटी अशी जोडी बसविली, तिला संपूर्ण खुबारोपणाचा पहिला प्रयत्न मानतात. डोके हाडाला बोल्टने जखडले होते. बोल्ट सैल झाले.

पॅरिसच्या ज्याँ आणि रोबेर ज्युदे या बंधूंनी १९४६ पासून अॅक्रिलिकचे डोके वापरण्यास सुरुवात केली. त्याला एक आखूड दांडी होती आणि ती ऊर्वस्थीच्या मानेतून आरपार जाई. आरंभीचे निकाल इतके चांगले दिसले की ही पद्धत युरोपभर पसरली. काही वर्षांतच डोकी झिजू लागली, दांड्या तुटू लागल्या. भाराची रेषा आणि आखूड दांडीची दिशा यांचा मेळ नव्हता, हे मागाहून ध्यानात आले. मँचेस्टरच्या जॉन चार्नली यांच्याकडे या पद्धतीचा एक रुग्ण आला होता. तो मेजावर पुढे वाकला की त्याचा खुबा करकरत असे, आणि ती करकर असह्य होऊन त्याची पत्नी खोलीतून निघून जाई. हा किस्सा पुष्कळदा विनोदाने सांगितला जातो. चार्नली यांनी मात्र त्यातून घर्षणाचा प्रश्न उचलला. घर्षण जितके अधिक तितका डोके फिरताना दांड्याला पीळ अधिक बसणार, आणि दांडा तितका लवकर सुटणार, असा त्यांचा तर्क होता.

दरम्यान अमेरिकेत वेगळी वाट निघाली होती. ऑस्टिन मूर आणि हॅरॉल्ड बोलमन यांनी १९४० मध्ये अर्बुदाने ग्रासलेला ऊर्वस्थीचा वरचा भाग काढून त्या जागी व्हायटॅलियमचा भाग बसविला. पुढे १९५० च्या दशकात मूर आणि एफ. आर. थॉम्पसन या दोघांनी स्वतंत्रपणे असे दांडे तयार केले की जे हाडाच्या पोकळीत बरेच खालपर्यंत उतरत. भार आता हाडाच्या अक्षाला धरून वाहू लागला. मूर यांच्या दांड्यात मोठी छिद्रे होती. त्यांतून हाड वाढावे आणि दांडा आपोआप अडकावा, ही अपेक्षा होती. म्हाताऱ्या माणसांच्या ऊर्वस्थीची मान मोडली असता हा दांडा पुढे जगभर वापरला गेला. भारतातील सार्वजनिक रुग्णालयांतही स्वस्त आणि सुलभ म्हणून तो दीर्घकाळ रूढ राहिला. परंतु वृद्धांच्या रुंद, ठिसूळ पोकळीत तो नेहमीच घट्ट बसत नसे. मांडीतील दुखणे आणि हळूहळू खाली खचणे या त्याच्या जुन्या तक्रारी होत.

चार्नली आणि सिमेंट

ऊर्वस्थीच्या पोकळीचा आकार प्रत्येक माणसात निराळा असतो, कारखान्यात बनलेला दांडा मात्र ठरावीक मापाचा. दोहोंचा स्पर्श त्यामुळे दोनचार बिंदूंपुरताच होई आणि सगळा भार त्या बिंदूंवर येई. मँचेस्टर येथील दंतवैद्यकीय पदार्थांचे अभ्यासक डेनिस स्मिथ यांच्या सल्ल्यावरून चार्नली यांनी आपोआप घट्ट होणारे अॅक्रिलिक या कामी घेतले. अशा पदार्थाचा किरकोळ वापर त्यापूर्वी न्यूयॉर्कमध्येही झाला होता. चार्नली यांनी १९५८ पासून जे केले ते निराळे होते: त्यांनी संपूर्ण पोकळी त्या पदार्थाने भरून काढली. १९६० साली त्यांनी दांडा ऊर्वस्थीत रोवण्याच्या या पद्धतीवर स्वतंत्र लेख प्रसिद्ध केला.

या पदार्थाला ‘सिमेंट’ हे नाव पडले आणि त्यासोबत एक गैरसमजही रूढ झाला. हे सिमेंट चिकटवत नाही. गवंडी दगडी भिंतीच्या दर्जा भरतो तेव्हा चुना दगडाला चिकटवण्यापेक्षा दोन दगडांमधील पोकळी भरून काढतो आणि भार सारखा वाटून देतो. तेच काम हे अॅक्रिलिक करते. चार्नली यांनी ही बाब आवर्जून मांडली. सिमेंट हाडाच्या जाळीदार भागात शिरून तेथे कडक झाले की दांड्यावरील भार पोकळीच्या साऱ्या पृष्ठभागावर पसरतो. यानंतरच्या सर्व तंत्रविषयक चर्चा या एका कल्पनेभोवती फिरतात.

वाटीच्या बाबतीत मात्र चार्नली यांचा अंदाज चुकला. घर्षण कमी म्हणून त्यांनी टेफ्लॉनची वाटी निवडली, पीळ कमी व्हावा म्हणून डोके २२ मिलिमीटर इतके लहान ठेवले, आणि १९६१ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये नवी शस्त्रक्रिया म्हणून तिचा वृत्तांत दिला. तीन-चार वर्षांतच टेफ्लॉन झिजून त्याची भुकटी सांध्यात साचू लागली आणि ऊतींची तीव्र प्रतिक्रिया उमटली. सुमारे ३०० रुग्णांना हा खुबा बसविला गेला होता. यांतील बहुतेकांवर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचे काम स्वतः चार्नली यांच्याच वाट्याला आले. टेफ्लॉनचा अंश त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतला, तेथे गाठी झाल्या. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांच्याकडे एका विक्रेत्याने अतिघन पॉलिएथिलीनचा नमुना आणून दिला होता. चार्नली यांनी तो आधी नाकारला. क्रेव्हन यांनी तरीही तो झीज तपासण्याच्या यंत्रावर लावून ठेवला आणि तो टिकला. नोव्हेंबर १९६२ पासून तोच पदार्थ वाटीसाठी वापरात आला. गुरूने नाकारलेला नमुना तंत्रज्ञाने जपला, ही घटना इतिहासकारांनी जितकी लक्षात घ्यावयास हवी तितकी घेतलेली नाही.

चार्नली यांची पुढील दशकातील भूमिका उल्लेखनीय आहे. विगनजवळील रायटिंग्टन रुग्णालयात येऊन प्रत्यक्ष पद्धत शिकल्याखेरीज कोणाही शल्यचिकित्सकाला आपला दांडा विकू देण्यास ते तयार नव्हते. मृत्यूनंतर खुबा तपासणीसाठी काढून घेता यावा, अशी विनंती ते आपल्या रुग्णांना करीत आणि अनेकांनी ती मान्य केली. सिमेंट आणि हाड यांच्या सीमेवर वर्षानुवर्षांनी नेमके काय होते, हे त्यामुळेच समजू शकले.

हाताने मळलेल्या पिठापासून दाबनळीपर्यंत

सिमेंटचे पाकीट साधारणतः ४० ग्रॅम भुकटी आणि २० मिलिलिटर द्रव असे असते. दोन्ही एकत्र केली की मिश्रण आधी पातळ, मग कणकेसारखे, आणि सुमारे दहा-बारा मिनिटांत दगडासारखे होते. कडक होताना ते तापते. शस्त्रक्रियागृहाचे तापमान अधिक असेल तर वेळ कमी मिळतो, ही गोष्ट उष्ण प्रदेशातील शल्यचिकित्सकास पाठ्यपुस्तकापेक्षा अनुभवाने अधिक ठाऊक असते. दांड्याचे पुढील वीस वर्षांचे भवितव्य या थोड्या मिनिटांत ठरते.

पहिल्या पिढीच्या तंत्रात सिमेंट हाताने मळून अंगठ्याने वरून पोकळीत दाबत आणि मग दांडा आत ढकलत. पोकळीचे खालचे तोंड उघडेच असल्याने सिमेंट खाली पसरे आणि दाब तयार होत नसे. रक्त आणि मज्जा त्यात मिसळून थर पडत, हवेचे बुडबुडे राहत. दांडा आतल्या बाजूस कलला तर एका अंगाला सिमेंटचा थर जवळजवळ नाहीसाच होई. काही दांड्यांचा वरचा भाग सैल झाला आणि खालचे टोक मात्र घट्ट पकडलेले राहिले. असा दांडा मग प्रत्येक पावलागणिक मध्यभागी वाकत असे आणि अखेर धातू थकून तुटत असे. १९७९ मध्ये ग्रुएन, मॅकनीस आणि ॲमस्टुट्झ यांनी क्ष-किरण चित्रावर दांड्याभोवतीचा प्रदेश सात भागांत विभागून सैल होण्याचे चार प्रकार वर्णिले. ही विभागणी आजही प्रत्येक अस्थिरोग विभागात वापरली जाते.

हे दोष दूर करण्याचे उपाय १९७० च्या दशकाच्या मध्यापासून एकेक करून आले. पोकळीत खाली बूच बसवावयाचे, मग ते काढलेल्या डोक्याच्या हाडाचे असो वा प्लास्टिकचे. पाण्याच्या जोरदार धक्क्यांनी पोकळी धुऊन मज्जा आणि चरबी काढावयाची. दाबनळीने सिमेंट तळापासून वर भरत यावयाचे, म्हणजे हवा कोंडत नाही. वरचे तोंड बंद करून दाब धरावयाचा, म्हणजे सिमेंट हाडाच्या जाळीत काही मिलिमीटर शिरते. पुढे निर्वात भांड्यात मिश्रण करण्याची आणि दांडा मध्यभागी राहावा म्हणून त्याच्या टोकास टोपण लावण्याची पद्धत रूढ झाली. कानस किती चालवावी हाही प्रश्न येथेच येतो. कठीण हाडाच्या आतील जाळीदार थर पूर्णपणे खरवडून काढला तर सिमेंटला शिरण्यास जागाच उरत नाही. दुसऱ्यांदा केलेल्या शस्त्रक्रियेत नेमके हेच आढळते: पोकळीची भिंत गुळगुळीत झालेली असते आणि त्यावर सिमेंट धरत नाही. १९७९ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदवहीने या साध्या वाटणाऱ्या कृतींचे मोल आकड्यांनी दाखवून दिले. तोच दांडा, तेच सिमेंट, पण भरण्याची रीत सुधारली की पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचे प्रमाण घटत असे.

एक्झिटरचा धडा

इंग्लंडमधील एक्झिटर येथील शल्यचिकित्सक रॉबिन लिंग आणि तेथील विद्यापीठातील अभियंते क्लाइव्ह ली यांनी १९७० मध्ये एक दांडा बनविला. तो खाली निमुळता होत जाई, त्याला हाडावर टेकणारी कडा नव्हती आणि त्याचा पृष्ठभाग आरशासारखा घासलेला होता. काही दांडे तुटले, म्हणून १९७६ मध्ये पोलाद बदलून दांडा मजबूत करण्यात आला आणि त्याच वेळी त्याची झिलई जाऊन पृष्ठभाग मंद, किंचित खरखरीत झाला. झिलईचा हा बदल तेव्हा कोणी फारसा मनावर घेतला नाही. उलट खरखरीत पृष्ठभागाला सिमेंट अधिक धरेल, ही समजूत स्वाभाविक होती.

अनुभव विपरीत आला. तुटण्याचे प्रमाण घटले, परंतु खरखरीत दांडे चकचकीत दांड्यांपेक्षा अधिक संख्येने सैल होऊ लागले. कारण शोधताना जे लक्षात आले ते रचनाकारांनाही आधी अपेक्षित नव्हते. चकचकीत दांडा सिमेंटच्या आत वर्षानुवर्षांत मिलिमीटर-दोन मिलिमीटर खाली उतरत होता. सिमेंट कडक दिसले तरी शरीराच्या उष्णतेत सतत भाराखाली अत्यंत सावकाश आकार बदलते. त्यामुळे कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकलेल्या पाचरीप्रमाणे निमुळता दांडा दर पावलाला थोडा अधिक घट्ट बसत होता. खरखरीत दांड्याला मात्र घसरता येत नव्हते. तो जराही हलला की सिमेंट खरवडून भुकटी करीत होता, आणि ती भुकटी द्रवाबरोबर हाडापर्यंत पोचत होती. १९८६ मध्ये झिलई परत आणण्यात आली. खाली उतरणे हे तोवर अपयशाचे लक्षण मानले जात असे; या दांड्यापुरते ते यशाचे लक्षण ठरले.

यातून दोन विचारधारा स्पष्ट झाल्या. एकीप्रमाणे दांडा, सिमेंट आणि हाड यांनी एकसंध तुळईसारखे वागावे, तर दुसरीप्रमाणे दांड्याला सिमेंटमध्ये घसरण्याची मोकळीक असावी. अपयश बहुधा या दोहोंची सरमिसळ झाली की येते. फ्रान्समध्ये मार्सेल कर्बुल यांच्या परंपरेत चौकोनी, चकचकीत दांडा पोकळी जवळजवळ भरून टाकतो आणि सिमेंटचा थर नाममात्र राहतो. दोन मिलिमीटरचा सलग थर हवाच, या नियमाला छेद देऊनही त्याचे निकाल उत्तम आहेत. ‘फ्रेंच विरोधाभास’ या नावाने तो ओळखला जातो.

सिमेंटविना

१९७० च्या दशकाच्या अखेरीस तरुण रुग्णांच्या दांड्यांभोवती हाड पोखरलेले दिसू लागले. दोष सिमेंटचा मानला गेला आणि १९८७ मध्ये ‘सिमेंट रोग’ अशी संज्ञाच रूढ झाली. सिमेंट टाळून सच्छिद्र पृष्ठभागाचे दांडे वापरण्याची चळवळ त्यामुळे जोरात सुरू झाली. परंतु सिमेंटविना बसविलेल्या दांड्यांभोवतीही हाड पोखरलेच. खरा अपराधी मुख्यतः वाटीच्या पॉलिएथिलीनची सूक्ष्म भुकटी होती. चुकीच्या निदानातून एक उपयुक्त तंत्र जन्मास आले, असे येथे म्हणावे लागते.

सिमेंटविना दांडा टिकण्याची अट सोपी पण कठोर आहे. पहिल्या काही आठवड्यांत दांडा आणि हाड यांतील हालचाल साधारण १५० मायक्रॉनहून अधिक झाली तर तेथे हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होतात. म्हणून पोकळी दांड्याहून किंचित लहान ठेवून दांडा ठोकून बसवावा लागतो. कानशी लहानापासून मोठ्या मापापर्यंत क्रमाने घालतात. हातोडीचा आवाज बदलला, कानस पुढे सरेनाशी झाली, की माप गाठले असे समजतात. आणखी एक ठोका अधिक पडला तर हाड चिरते. शल्यचिकित्सकाचा कान आणि मनगट यांवर इतके अवलंबून असलेले काम आधुनिक वैद्यकात थोडेच उरले आहे. व्हिएन्नाच्या त्स्वायम्युलर यांचा १९७९ चा चौकोनी टायटॅनियम दांडा आणि फ्रान्समधील शल्यचिकित्सकांच्या गटाने १९८६ मध्ये आणलेला, हाडातील खनिजाचा लेप दिलेला ‘कोराय’ दांडा हे या परंपरेतील टिकाऊ नमुने होत. दुसऱ्यात जाळीदार हाड खरवडून न काढता दाबून घट्ट केले जाते.

सिमेंट सुधारण्याचे सर्वच प्रयत्न सफल झाले असे नाही. कडक होताना कमी तापणारे ‘बोनलॉक’ हे सिमेंट १९९० च्या दशकाच्या आरंभी उत्तर युरोपात वापरात आले. ते यांत्रिकदृष्ट्या दुबळे निघाले आणि दांडे थोड्याच वर्षांत सैल झाले. नॉर्वेच्या १९८७ पासूनच्या नोंदवहीत हे लवकर उमटले आणि १९९५ मध्ये ते बाजारातून काढून घेण्यात आले.

दाबाची किंमत

सिमेंट अधिक दाबाने भरावे हा दोन दशकांचा उपदेश होता. तोच दाब पोकळीतील चरबी आणि मज्जा रक्तवाहिन्यांत ढकलतो. सिमेंट भरताना रक्तदाब अकस्मात कोसळणे, प्राणवायू घटणे, क्वचित टेबलावरच मृत्यू येणे, हे प्रकार सिमेंटच्या वापराइतकेच जुने आहेत. २००९ मध्ये डोनाल्डसन आणि सहकाऱ्यांनी त्यांची व्याख्या व प्रतवारी केली. धोका सर्वाधिक कोणाला, तर मोडलेल्या खुब्याच्या, दुबळ्या हृदयाच्या वृद्धांना. आणि सिमेंटवाचून दांडा बसवावा, तर याच वृद्धांचे ठिसूळ हाड ठोकताना चिरते अथवा पुढे दांड्यालगत मोडते. एका बाजूस टेबलावरील थोडा पण भयंकर धोका, दुसऱ्या बाजूस पुढील महिन्यांतील दुखणे आणि पुन्हा अस्थिभंग. निवड करणारा रुग्ण बहुधा काही सांगण्याच्या अवस्थेत नसतो.

या वादाला २०२२ मध्ये ब्रिटनमधील एका मोठ्या यादृच्छिक चाचणीने बरेच स्थिर उत्तर दिले. साठ वर्षे व त्यावरील १,२२५ रुग्णांपैकी काहींना सिमेंटचा आणि काहींना खनिजलेपाचा आधुनिक सिमेंटविरहित दांडा बसविण्यात आला. चार महिन्यांनी सिमेंटवाल्या गटाचे जीवनमान माफक प्रमाणात पण निश्चितपणे बरे होते. दांड्यालगत हाड मोडण्याचे प्रमाण सिमेंट गटात ०.५ टक्के, तर दुसऱ्या गटात २.१ टक्के आढळले. एका वर्षातील मृत्यूंचे प्रमाण अनुक्रमे २३.९ आणि २७.८ टक्के होते. हा फरक निर्णायक मानता येत नसला, तरी सिमेंटमुळे एकंदर मृत्यू वाढतात या भीतीला त्याने आधार दिला नाही. अमेरिकेत आज बहुतांश नियोजित खुबारोपणे सिमेंटविना होतात, तरी मोडलेल्या खुब्याच्या वृद्धांसाठी तेथील अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीची शिफारसही सिमेंटचीच आहे.

दाबाचा प्रश्न त्याने मिटत नाही, म्हणून ब्रिटनमधील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने अन्य संस्थांसह २०१५ मध्ये दिलेल्या सूचना आजही महत्त्वाच्या आहेत. पोकळी नीट धुऊन कोरडी करावी, बूच घालून नळीने तळापासून भरावे, धोक्याच्या रुग्णात अतिरिक्त दाब देऊ नये. आणि दाबनळी पोकळीत घालण्यापूर्वी शल्यचिकित्सकाने भूलतज्ज्ञास मोठ्याने सांगावे की आता सिमेंट भरले जात आहे.